खेळ, खेळाडू आणि स्टँडमधली गर्दी: छापील चित्रांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रिंट म्हणजे नक्की काय? आपण दुकानातून पोस्टर आणतो तेच ना?

नाही, आणि हा गोंधळ आधीच मिटवलेला बरा कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. इथं प्रिंट म्हणजे असं चित्र जे चित्रकाराने मुळातच छापायसाठी तयार केलंय, लाकूड किंवा लिनो (जमिनीवर अंथरायचं मऊ लिनोलियम) कोरून, तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने रेषा खोदून, दगडावर तेलकट खडूने काढून, किंवा ताणलेल्या जाळीतून रंग ढकलून. त्या ठशावरून पन्नास, साठ, शंभर अशा मोजक्या प्रती काढतात, सहसा प्रत्येकीवर नंबर आणि सही, आणि यातली प्रत्येक प्रत ओरिजिनलच असते. आधी केलेल्या पेंटिंगचा फोटो काढून तो छापला तर ती नक्कल, मग कागद कितीही भारी असू दे.

खेळ हा विषय प्रिंट करणाऱ्यांनी एवढा का उचलला?

माझ्या मते मोठं कारण गर्दी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरातल्या कामगाराला शनिवारी अर्धी सुट्टी मिळायला लागली होती, रेल्वे होती, ट्राम होती, आणि हजारो माणसं तिकीट काढून एका जागी बसून ओरडतायत हे दृश्य नवीनच होतं. तेव्हाच्या चित्रकाराला 'आजचं' काहीतरी काढायचं असेल तर ते स्टेडियममध्ये होतं. आणि प्रिंट हाच एक प्रकार असा की ज्याच्या एकापेक्षा जास्त ओरिजिनल प्रती निघतात, म्हणजे ज्या माणसाचं चित्र काढलं त्याच्या घरापर्यंत ते पोचू शकतं. खेळ बघणारा माणूस चित्रात पण आहे आणि चित्राचा गिऱ्हाईक पण तोच, हे दुसऱ्या कुठल्या कलेत इतकं सरळ जुळलेलं मला तरी दिसलेलं नाही.

सगळे 'ग्रोव्हनर स्कूल'चं नाव घेतात. ते काय प्रकरण आहे?

हे नीट सांगतो कारण खेळाची सगळ्यात दणकेबाज प्रिंट्स इथूनच आली.

लंडनमध्ये पिम्लिको भागात ३३, वॉरविक स्क्वेअर या घरात १९२५ साली इयन मॅकनॅब नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने 'ग्रोव्हनर स्कूल ऑफ मॉडर्न आर्ट' काढलं. प्रवेश परीक्षा नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही, या आणि शिका. तिथं १९२६ पासून १९३० पर्यंत क्लॉड फ्लाइट लिनोकट, म्हणजे लिनो कोरून छापायचं चित्र, शिकवायला होते. हा माणूस चित्रकलेत येण्याआधी इंजिनिअर, लायब्ररियन, शेतकरी आणि मधमाश्या पाळणारा असं सगळं करून आलेला. त्यांचं म्हणणं असं की आताचं जग वेगाचं आहे तर चित्रात वेग दिसला पाहिजे, आणि चित्राची किंमत इतकी कमी पाहिजे की साधा माणूस रोजच्या बिअरला किंवा सिनेमाच्या तिकिटाला जेवढं खर्च करतो तेवढ्यात ते घरी नेता यावं. ब्रुकलँड्सच्या मोटर रेसिंग ट्रॅकवर त्यांनी स्वतः एक लिनोकट केलंय.

सिबिल अँड्र्यूज या तिथल्या पहिल्या सेक्रेटरी आणि सिरिल पॉवर तिथं वास्तुकलेवर लेक्चर द्यायचे. दोघंही फ्लाइटच्या वर्गात बसून लिनो शिकले आणि नंतर हॅमरस्मिथमध्ये दोघांनी मिळून एक स्टुडिओ घेतला. सिबिलबाईंनी पहिल्या महायुद्धात विमानाच्या कारखान्यात वेल्डिंग केलं होतं, त्यांच्या चित्रातली माणसं बघितली की हे आठवतं, अंग म्हणजे जोर लावलेला लोखंडी दांडा वाटावा असं. १९३३ चं 'ब्रिंगिंग इन द बोट', १९३४ ची 'स्पीडवे' आणि 'रेसिंग', १९३७ चं 'फुटबॉल', ही त्यांची. पॉवर यांची 'द एट', 'स्केटर्स', 'टेनिस', आणि 'स्पीड ट्रायल' म्हणजे वेगाचे विक्रम करणाऱ्या माल्कम कॅम्पबेल यांची 'ब्लूबर्ड' गाडी. स्वित्झर्लंडहून लिल चूडी नावाची पोरगी मासिकातली जाहिरात बघून लंडनला शिकायला आली, विशीचीही नसेल, आणि पुढे तिने १९३३ चं 'आइस हॉकी' आणि १९३५ चं सायकल शर्यतीचं 'टूर द स्विस' केलं. या मंडळींचं पहिलं मोठं प्रदर्शन १९२९ साली लंडनच्या रेडफर्न गॅलरीत भरलं.

लिनोच का? ते तर जमिनीवर अंथरायचं असतं.

बरोबर, जमिनीवर अंथरायचंच. जवसाचं तेल आणि बुचाचा भुसा तागाच्या कापडावर थापून करतात ते. स्वस्त, मऊ, आणि लाकडासारखे रेषे नसल्यामुळे हत्यार कुठल्याही दिशेला सहज वळतं, म्हणजे घोड्याची पाठ किंवा ट्रॅकचं वळण एका दमात कापता येतं. फ्लाइट तर विद्यार्थ्यांना छत्रीची मोडकी काडी घासून कोरणी बनवायला सांगायचे. छापायला मशीन पण लागत नाही, ब्लॉकवर, म्हणजे कोरलेल्या तुकड्यावर, शाई लावायची, वरती पातळ जपानी कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचं.

त्यांची खरी युक्ती रंगात आहे. जुन्या पद्धतीत एक काळ्या रेषांचा मुख्य ब्लॉक असायचा आणि बाकीचे ब्लॉक त्यात रंग भरायला. फ्लाइटनी तो काळा ब्लॉकच काढून टाकला, प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक, शाई थोडी पारदर्शक, एकावर एक पडली की तिसरा रंग तयार. त्यामुळे आकाराला बाहेरून रेघ नसते आणि अंग हवेत सुटल्यासारखं दिसतं. 'स्पीडवे' बघा. तीन मोटरसायकलवाले एकामागे एक तिरके झुकलेत, चेहरा असा कोणाला नाहीच, हेल्मेट आणि खांदे तेवढे तीनदा आलेत. एकच आकार तीनदा आला की डोळा आपोआप पुढे पळतो. डर्ट ट्रॅकवरच्या मोटरसायकलच्या शर्यती इंग्लंडमध्ये १९२८ ला आल्या आणि बघता बघता लोकांना त्यांचं वेड लागलं, म्हणजे सिबिलबाई अगदी ताज्या वेडाचं चित्र काढत होत्या.

पण या लिनोकट्समध्ये फॅन्स कुठे आहेत? मला तर फक्त खेळाडू दिसतात.

चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर मला 'द एट' समोर ठेवूनच देता येईल. १९३० चं हे चित्र. ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोट रेस थेम्सवर पटनी ते मॉर्टलेक अशी होते आणि वाटेत हॅमरस्मिथ पुलाखालून जाते. पॉवर यांचा स्टुडिओ तिथून जवळच. चित्रात बोट आपल्याला वरून दिसते, आठ वल्हेकरी, पाठीचा तोच बाक आठ वेळा, दोन्ही बाजूंना वल्ही. काठ नाही, आकाश नाही, झेंडे नाहीत, माणसं नाहीत. पण बोट अशी वरून कोणाला दिसेल? जो पुलाच्या कठड्यावर वाकून बघतोय त्यालाच. म्हणजे फॅनची जागा पॉवरनी रिकामी ठेवलीय आणि तिथं आपल्याला उभं केलंय. हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या प्रिंट्समध्ये पण आधी हेच शोधायची सवय लागते, की चित्रकार नेमका कुठल्या सीटवर बसलाय.

मग गर्दी प्रत्यक्ष दाखवायची तर ती कशी दाखवतात? हजारो चेहरे कोण कोरणार?

कोणीच कोरत नाही, आणि चांगला प्रिंटमेकर कोण ते मी इथंच ओळखतो. खेळाडूची ॲनाटॉमी सरावाने येते, गर्दी मात्र सुचावी लागते.

फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांचं 'ले कूर्स' हे घोड्यांच्या शर्यतीचं शिळाछाप चित्र घ्या, १८६५ ते १८७२ च्या दरम्यान दगडावर काढलेलं आणि ते गेल्यावर १८८४ ला प्रसिद्ध झालेलं. घोडे सरळ आपल्या अंगावर येतायत, आणि दोन्ही बाजूची पब्लिक म्हणजे नुसती गिरगट, खडू फिरवलाय गोल गोल, आडवा उभा, झालं. जवळून बघितलं तर एकही माणूस सापडत नाही आणि दोन पावलं मागं सरलं की टोप्या, छत्र्या, धक्काबुक्की सगळं दिसायला लागतं. त्या काळी हे काढायचं म्हणजे धाडस होतं.

त्याच्याही आधी स्पेनचे चित्रकार गोया. १८१६ च्या त्यांच्या माणूस आणि बैल यांच्या झुंजींच्या मालिकेत ३३ चित्रं आहेत, त्यातलं २१ वं प्रेक्षकांचंच आहे. १८०१ मध्ये माद्रिदला बैल कठडा ओलांडून थेट स्टँडमध्ये घुसला आणि तोरेहोन गावच्या मेयरचा त्यात जीव गेला. गोयांनी काय केलंय तर उजवीकडे बैल, शिंगावर मेलेला माणूस, पळणाऱ्यांची एकावर एक चेंगराचेंगरी, आणि डावीकडे जवळजवळ काहीच नाही, रिकामी बाकडी. जिथं दोन मिनिटांपूर्वी लोक बसले होते ती जागा. दोनशे वर्षं होऊन गेली, खेळ बघायला गेलेल्या माणसावर ओढवलेल्या संकटाचं यापेक्षा जबरदस्त चित्र मी बघितलेलं नाही.

बॉक्सिंगच्या प्रिंट्स एवढ्या प्रसिद्ध का आहेत?

अमेरिकन चित्रकार जॉर्ज बेलोज यांच्यामुळे. हे गृहस्थ कॉलेजात स्वतः बेसबॉल आणि बास्केटबॉल खेळलेले, नंतर न्यूयॉर्कला आले, आणि त्यांच्या स्टुडिओच्या समोरच टॉम शार्की यांचा क्लब. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये जाहीर बॉक्सिंगला बंदी होती म्हणून क्लबवाले बघायला येणाऱ्याला मेंबर करून घ्यायचे आणि आत लढत लावायचे. 'अ स्टॅग ॲट शार्कीज' हे पेंटिंग १९०९ चं, त्याचं शिळाछाप त्यांनी १९१७ ला केलं. नजर एकदम खाली, रिंगच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाची. रिंगमधला उजेड प्रेक्षकांच्या तोंडावर पडलाय आणि ती तोंडं बघवत नाहीत, दात, हावरे डोळे. मारामारी दोघांची चाललीय पण भीती वाटते ती बघणाऱ्यांची. बेलोज फॅन्सना सोडत नाहीत, आणि म्हणूनच मला ते या विषयातले सगळ्यात प्रामाणिक चित्रकार वाटतात.

दुसरं 'डेम्प्सी अँड फिर्पो'. १४ सप्टेंबर १९२३, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, अर्जेंटिनाच्या फिर्पोने चॅम्पियन डेम्प्सीला ठोसा मारून दोरांमधून थेट बाहेर फेकला, तो पडला पत्रकारांच्या अंगावर. बेलोज त्या रात्री वर्तमानपत्रासाठी चित्रं काढायला रिंगजवळच बसले होते. पुढे लढत डेम्प्सीच जिंकला, पण चित्र आहे ते त्या पडण्याच्या क्षणाचं. डाव्या कडेला एक टकलू माणूस दिसतो ना, ते स्वतः बेलोज. चित्रकाराने स्वतःला गर्दीत बसवून घेतलंय. १९२५ च्या जानेवारीत वयाच्या ४२ व्या वर्षी ते वारले, फार लवकर गेला माणूस.

'अँड्र्यू-पॉवर' अशी सही असलेली पोस्टर्स दिसतात, हा कोण चित्रकार?

एक माणूस नाही, सिबिल अँड्र्यूज आणि सिरिल पॉवर दोघं मिळून. लंडन अंडरग्राउंडचे, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचे, फ्रँक पिक चांगल्या चित्रकारांकडून पोस्टर्स करून घ्यायचे, त्यांच्यासाठी दोघांनी विम्बल्डन, एप्समच्या घोड्यांच्या शर्यती, फुटबॉल अशी खेळांची पोस्टर्स केली. फॅनला घरातून उठवून ट्रेनने मैदानापर्यंत न्यायचं, हे त्या चित्रांचं काम. गंमत म्हणजे 'स्पीडवे' पण आधी पोस्टर म्हणूनच आखलेलं होतं, ते लागलं नाही आणि मग लिनोकट झालं. ही पोस्टर्स स्वतः लिनो नसून शिळाछाप आहेत, पण बघताक्षणी घराणं ओळखू येतं.

खेळाडू एकही नाही, फक्त फॅन्स, असं काही आहे का?

इंग्लंडचे चित्रकार एल. एस. लाउरी यांचं 'गोइंग टू द मॅच', १९५३. बोल्टनचं बर्नडेन पार्क मैदान, आणि चारी बाजूंनी काडेपेटीतल्या काड्यांसारखी बारीक माणसं वाऱ्यात वाकून मैदानाकडे चाललीत. मॅच अजून सुरू व्हायचीय. १९४६ ला याच मैदानात चेंगराचेंगरी होऊन ३३ प्रेक्षक गेले होते, हे माहीत असलं की त्या शांत चालत्या गर्दीकडे वेगळ्याच नजरेने बघितलं जातं. मूळ पेंटिंग २०२२ च्या लिलावात ७८ लाख पौंडांना 'द लाउरी' या संस्थेने घेतलं, त्यामुळे ते लोकांना बघायला राहिलं, याचा मला खरंच आनंद आहे.

पण सावध राहा. याच्या सही केलेल्या छापील प्रती बाजारात फिरतात त्या पेंटिंगवरून फोटो घेऊन छापलेल्या आहेत, पहिल्या प्रश्नात सांगितलं त्या अर्थाने प्रिंट नव्हेत. सहीमुळे त्यांना किंमत येते, ती किंमत कशाची देतोय हे घेणाऱ्याला माहीत असावं.

ऑलिंपिकमध्ये चित्रांना मेडल मिळायचं हे खरं आहे का?

खरं आहे. १९१२ पासून १९४८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये कलेच्या स्पर्धा होत्या, अट एवढीच की विषय खेळाचा हवा. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेच्या जोसेफ गोलिंकिन यांना प्रिंट विभागात सोनं मिळालं, कुस्तीतल्या पायाच्या कैचीचं चित्र होतं ते. १९४८ ला लंडनमध्ये फ्रान्सच्या आल्बेर देकारिस यांना सोनं आणि इंग्लंडच्या जॉन कॉप्ली यांना पोलो खेळाडूंच्या चित्रासाठी रौप्य. कॉप्ली तेव्हा ७३ वर्षांचे होते. ही मेडल्स आता देशांच्या अधिकृत यादीत धरत नाहीत, मला ते बरोबर वाटत नाही, त्या वेळी नियमाप्रमाणे दिलेलं मेडल नंतर का वगळायचं?

नंतरच्या काळात, म्हणजे टीव्ही आल्यावर काय झालं?

फॅन घरी सोफ्यावर बसला आणि चित्रातली गर्दी हळूहळू गेली, खेळाडूचा एकट्याचा चेहरा मोठा झाला. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल १९७७ ला मुहम्मद अली यांच्या पेन्सिल्व्हेनियातल्या सराव कॅम्पवर जाऊन फोटो काढून आले आणि १९७८ ला त्यांची चार स्क्रीनप्रिंट्स (जाळीतून रंग ढकलून छापलेली चित्रं) केली, त्यातल्या एकात चेहराच नाही, फक्त मूठ. ती मूठ मला चारीत सगळ्यात आवडते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी हॉकनी, जेकब लॉरेन्स, कोकोश्का अशा लोकांकडून पोस्टर्स करून घेतली, सही केलेल्या मोजक्या प्रती पण आणि साधी स्वस्त पोस्टर्स पण. लॉरेन्स यांनी रिलेचे पाच कृष्णवर्णीय धावपटू काढलेत, ताणलेले चेहरे आणि हातात बॅटन.

चित्रात खेळाडू डावखुरा का दिसतो?

कारण ठसा उलटा उमटतो. ब्लॉकवर उजव्या हाताने मारणारा कोरला तर कागदावर तो डावरा होतो, आणि जर्सीवरचा नंबर, स्कोअरबोर्ड सगळं उलटं. म्हणून आधी ट्रेसिंग पेपरवर काढून तो पालथा घालून ब्लॉकवर उतरवतात. दगडाचं पण तेच. स्क्रीनप्रिंटमध्ये हा त्रास नाही, रंग जाळीतून सरळ खाली उतरतो.

स्वस्तात विकायला काढलेली ही लिनोकट्स आज एवढी महाग का?

तेव्हासुद्धा ती बिअरच्या भावात नाही गेली, गिनींमध्ये (एक गिनी म्हणजे पौंडाहून थोडी जास्त) विकली गेली, पण ऑइल पेंटिंगपेक्षा पुष्कळ स्वस्त. मग दुसरं महायुद्ध आलं, मागणी आटली. सिबिलबाई १९४७ ला नवऱ्याबरोबर कॅनडाला कॅम्पबेल रिव्हरला गेल्या आणि तिथं शिकवत, छापत राहिल्या. १९७० नंतर डीलर आणि म्युझियमवाल्यांचं लक्ष परत गेलं, तोवर प्रती कमीच, एडिशनच, म्हणजे एका चित्राच्या एकूण प्रतीच, पन्नास-साठची, त्यातल्या कित्येक फाटल्या नाहीतर हरवल्या. आता चांगली प्रत लिलावात हजारो पौंडांना जाते. फ्लाइट यांना जे हवं होतं त्याच्या हे बरोबर उलट झालंय आणि याचं मला वाईट वाटतं. या चित्रांच्या चांगल्या, स्वस्त नकला म्युझियमच्या दुकानात मिळतात, त्या घेऊन खुशाल भिंतीवर लावा, फक्त नक्कल आहे हे लक्षात असू द्या.

ओरिजिनल कुठे बघायला मिळतील?

लंडनला असाल तर ब्रिटिश म्युझियमच्या प्रिंट विभागात, आणि पोस्टर्ससाठी लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम. सिबिलबाईंचा सगळ्यात मोठा साठा कॅनडात कॅलगरीच्या ग्लेनबो म्युझियममध्ये आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये पण बराच संग्रह आहे. न्यू जर्सी, टोरांटो, लंडन भागात आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, त्यांनी एक सांभाळायचं, ही कागदावरची कामं उजेडाने खराब होतात म्हणून कायम भिंतीवर नसतात, जायच्या आधी म्युझियमला विचारून मगच जा. घरबसल्या बघायचं तर या संस्थांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये झूम करून बघता येतं, कोरणीचा प्रत्येक फटका दिसतो.

मला स्वतःला खेळाचं लिनोकट करायचंय, सुरुवात कशी करू?

आधी मैदानात जा, मोबाईल खिशात ठेवा आणि वहीत काढा. फोटोवरून कोरलं की सगळं गोठल्यासारखं येतं, कारण कॅमेऱ्याने क्षण थांबवलेला असतो आणि आपल्याला हवा असतो तो चालू. कोल्हापूरचं कुस्तीचं खासबाग मैदान माझ्या डोळ्यासमोर येतं, मधे आखाडा आणि भोवती गोल पायऱ्यांवर माणसंच माणसं, लिनोसाठी याहून चांगली रचना कोण देणार? फेटे आणि टोप्या पांढऱ्या सोडायच्या म्हणजे तेवढ्याच कापायच्या, बाकी सगळा काळा ठेवायचा, बारीक 'व्ही' कोरणीने छोटे छोटे टवके काढत गेलं की गर्दी तयार होते. टवके सारखे काढू नका, जिथं डाव रंगलाय त्या बाजूला दाट, लांबच्या पायऱ्यांवर विरळ.

पहिल्यांदा दोनच रंग घ्या. लिनो कडक वाटलं तर थोडा वेळ उन्हात ठेवा, लोण्यासारखं कापलं जातं. हत्यार धरलेल्या हातापुढे दुसरा हात कधीच ठेवायचा नाही, सगळ्यांना पहिली जखम तिथंच होते. शाई कमी घ्या, रूळ फिरवताना चिरचिर असा बारीक आवाज आला की थर बरोबर बसलाय. आणि पैशाची अडचण असेल तर लक्षात घ्या, आपल्याकडचे चित्रकार चित्तप्रसाद यांनी मुंबईत अंधेरीला राहून लिनोकटमध्ये आयुष्यभराचं काम उभं केलं, त्यांचे विषय मजुरांचे आणि मुलांचे होते पण साहित्य हेच, एक लिनोचा तुकडा, एक कोरणी, काळी शाई. छापखाना नसला तरी चमचा घरात असतोच, स्टीलचा जाड घ्या, पातळ चमच्याने कागद फाटतो.